बाबूना

तीन आठवडे रात्रपाळी,
उद्यमबागेत, भट्टीपुढं.
सकाळी साडेसातला घरी येतो,
नाकातली काळी वाळू धुतो
आणि पडतो.
पडतो फक्त.
डोळे मिटले की आत लोखंड वाहतं,
नारिंगी, दाट,
साच्याच्या तोंडाशी जरा अडखळतं,
पुन्हा वाहतं.

खडे बाजारात दस्तगीर अत्ताराचं दुकान,
तीन पायऱ्या चढून.
डब्यांवर चिठ्ठ्या: वर उर्दू, मधे कन्नड,
खाली त्याच्या वडलांच्या हातचं मराठी,
ज्येष्ठमधातला ‘ष्ठ’ अजून ठसठशीत.
मी म्हणालो, झोप येईना झालीया.
सुंठ घ्यायला आलेल्या गौरव्वा मधेच वळल्या,
‘निद्दी बरवल्देनु?’
आणि माझ्या आधी स्वतःच मान हलवली.

दस्तगीरनं डबा उघडला.
वाळकी फुलं, शर्टाच्या बटणाएवढी,
मधे पिवळा फुगीर गड्डा,
भोवती चुरगळलेल्या पाकळ्या.
शेवंतीची पोरं वाटली मला,
दुष्काळात जन्मलेली.
‘बाबूना,’ तो म्हणाला.
‘मॉलमध्ये कॅमोमाइल म्हणून पुडीत मिळतंय,
तिप्पट भावानं.
शेवंतीनं अंगावर पित्त उठतंय काय तुझ्या?’
‘न्हाई.’
‘रक्त पातळ व्हायची गोळी?’
‘न्हाई.’
‘मग घे.
पोट गच्च असलं तर हलकं करतंय.
हिरड्या सुजल्या तर चूळ भर.
झोपेचं मी सांगणार न्हाई,
कुणाला येतीया, कुणाला न्हाई.
माझ्या थोरल्या भावाला आली न्हाई.’

पैसे घेताना पुन्हा बजावलं,
‘फुलं उकळायची न्हाईत.
पाणी उकळून उतरायचं, मग चमचाभर फुलं,
वर झाकण, पाच मिनिटं.
झाकण इसरलास तर औषध जातंय आढ्याला
आणि तू पितोस नुसतं गरम पाणी.’

मालननं तांब्यावर ताटली ठेवली.
काढली तेव्हा वास आला सफरचंदाचा,
त्याच्याखाली ओलसर गंजीचा.
पहिल्या दिवशी दीड तास झोपलो.
दुसऱ्या दिवशी काही नाही.
चौथ्या दिवशी तीन तास,
पण त्या दिवशी वीज नव्हती,
शेजारची गिरणी गप्प होती,
श्रेय कुणाला द्यायचं?
सातव्या दिवशी स्वप्नात साचा फुटला
आणि मी ओरडत उठलो.

अकराव्या दिवशी पडून कंटाळलो,
पाणी प्यायला स्वयंपाकघरात आलो.
मालन भिंतीला टेकून बसलेली,
एक हात ताटलीवर,
तोंड थोडं उघडं.
झोपली होती.
बांगड्या कोपराकडं सारून
वर रुमाल बांधलेला, वाजू नयेत म्हणून.
कुकर पहाटेच होऊन गेलेला.
दाराच्या काचेवर आतून उलटी दिसणारी चिठ्ठी,
‘बेल वाजवू नये’,
खाली तेच कन्नडमध्ये, पोरीच्या अक्षरात.
कधी लावली ही?
ती कधी झोपते, हेही
तीन आठवड्यांत विचारलं नव्हतं.

तेवढ्यात कोपऱ्यावर भाजीवाल्याची हाक.
अनवाणी धावलो फाटकापर्यंत,
ओठावर बोट ठेवलं.
‘याक री?’ त्यानं विचारलं.
मी दोन्ही तळवे जोडून गालाखाली धरले.
त्यानं मुंडी हलवली
आणि कुरकुरणारं चाक किंचित उचलून
हातगाडी आमच्या घरापुढून नेली,
मेथीवर पाणी मारायचंही थांबवून.

आत आलो. ताटली तिच्या हाताखालून
हळू सोडवली.
पाचाची पस्तीस मिनिटं झालेली,
पाणी काळपट पिवळं, कडू.
उभ्यानंच प्यालो.

संध्याकाळी पाळीवर जाताना दुकानात थांबलो.
‘दुप्पट दे.’
‘लागू पडलं म्हण की!’
‘पडलं. मला न्हाई.’
दस्तगीरनं चष्म्यावरून बघितलं,
काही विचारलं नाही,
कागदावर फुलं ओतली,
काटा सरळ झाल्यावर
आणखी चिमूटभर टाकली.